बेरोजगारीचा आकडा वाचायचा कसा आणि सर्वेवाला दारात आला की सांगायचं काय

२०२५ च्या मे महिन्यात सरकारने पहिल्यांदा बेरोजगारीचा महिन्याचा आकडा काढला. एप्रिलचा, ५.१ टक्के. त्याच्या आधी सगळ्यांच्या डोक्यात २०२३-२४ चा ३.२ टक्के बसलेला, मग लगेच मेसेज फिरायला लागले की बघा बेरोजगारी केवढी वाढली, आणि दुसऱ्या बाजूने उत्तर की आकडेच सगळे खोटे. दोन्ही चुकीचं आहे. ३.२ वेगळ्या पद्धतीने मोजलेला आणि ५.१ वेगळ्या पद्धतीने. त्याच २०२३-२४ चा दुसऱ्या पद्धतीचा आकडा ४.९ होता, म्हणजे तुलना करायचीच तर ४.९ ची ५.१ शी करायची, आणि तीही जपून, कारण एक वर्षभराचा आणि एक नुसत्या एका महिन्याचा.

मी अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पोरांना हे शिकवते, पण खरं सांगायचं तर परीक्षेपेक्षा जास्त हे आपल्या घराघरात कळायला पाहिजे असं मला वाटतं, कारण हे आकडे आपणच दिलेल्या उत्तरांतून बनतात. मालवणात, देवगडात, गुहागरात, हर्णैला कुणाच्या तरी पडवीत बसून कुणीतरी प्रश्न विचारतो आणि घरातला पुरुष पटापट उत्तरं देतो, त्यातून दिल्लीचा आकडा तयार होतो. म्हणून दोन्ही सांगते, आकडा कसा वाचायचा आणि उत्तर कसं द्यायचं.

आधी तीन शब्द नीट बसवा

हे सगळे आकडे येतात पीएलएफएस, म्हणजे पीरिऑडिक लेबर फोर्स सर्वे, नावाच्या श्रमशक्ती पाहणीतून. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय ती करतं, एप्रिल २०१७ पासून सुरू आहे. त्याच्या आधी पाच-पाच वर्षांनी एकदा मोठी पाहणी व्हायची.

समजा एक वाडी आहे आणि तिच्यात १५ वर्षांच्या वरची १०० माणसं. ५७ जण काही ना काही काम करतात. ३ जण काम करत नाहीत पण शोधतायत किंवा मिळालं तर करायला तयार आहेत. उरलेले ४० शिकतायत, म्हातारे आहेत, घरचं बघतात. आता ५७ अधिक ३ म्हणजे ६०, ही झाली श्रमशक्ती. १०० पैकी ६० म्हणून श्रमशक्ती सहभाग दर ६० टक्के. १०० पैकी ५७ काम करतात म्हणून कामगार-लोकसंख्या प्रमाण ५७ टक्के. आणि बेरोजगारी दर? इथे जवळपास सगळे चुकतात आणि ३ टक्के सांगतात. तो ३ टक्के नाही. बेरोजगारी दर हा १०० वर काढत नाहीत, श्रमशक्तीवर काढतात, म्हणजे ६० पैकी ३, पाच टक्के.

आता पुढचं बघा, हे फार महत्त्वाचं आहे. त्या तिघांतले दोघं कंटाळले, म्हणाले आता शोधायचंच नाही, घरी बसले. त्यांना काम मिळालं का? नाही. पण ते श्रमशक्तीतूनच बाहेर गेले. श्रमशक्ती ५८, बेरोजगार १, दर १.७ टक्के. एकालाही नोकरी न लागता बेरोजगारी पाचावरून पावणेदोनवर आली! म्हणून नुसता बेरोजगारी दर कधीच एकटा वाचायचा नाही. शेजारी सहभाग दर ठेवायचा, मग कामगार-लोकसंख्या प्रमाण ठेवायचं, तिन्ही एकत्र बघायचे. मला विचाराल तर तिघांतला सगळ्यात भरवशाचा म्हणजे कामगार-लोकसंख्या प्रमाण, कारण त्याच्या खालची संख्या हलत नाही, माणूस शोधायचा थांबला काय आणि नाही काय, शंभर ते शंभरच.

आणि एक, आकड्याच्या बाजूला वय बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते बघा. १५ च्या वरचे सगळे, १५ ते २९ चे तरुण, किंवा सगळ्या वयाचे म्हणजे तान्ह्या बाळासकट, हे तीन वेगळे आकडे. २०२३-२४ मध्ये १५ च्या वरच्या सगळ्यांची बेरोजगारी ३.२ होती आणि १५ ते २९ वाल्यांची १०.२. दोन्ही खरे, दोन्ही एकाच अहवालातले. कोण कुठला उचलतो त्यावर बातमीचा मथळा ठरतो.

कुठल्या काळाबद्दल विचारलंय

वर म्हटलं ना दोन पद्धती, त्या ह्या. एक पद्धत मागचे ३६५ दिवस बघते आणि दुसरी मागचे ७ दिवस. पहिलीला नेहमीची स्थिती म्हणतात, दुसरीला चालू साप्ताहिक स्थिती. महिन्याचे जे आकडे येतात ते सगळे साप्ताहिक, वर्षाच्या अहवालात दोन्ही असतात. ही वेगवेगळी मोजमापं मुळात बेरोजगारी कशी मोजायची यावर सरकारने नेमलेल्या दांतवाला समितीने १९७० च्या अहवालात सांगितली, कारण आपल्याकडे काम वर्षभर सारखं नसतं, एकाच मापाने ते पकडता येत नाही हे त्यांनी ओळखलं. जुन्या पाच वर्षांच्या पाहण्यांमध्ये अर्ध्या-अर्ध्या दिवसाचा हिशोब करणारं तिसरं मापही होतं, तेव्हाचे आकडे वाचताना दैनिक स्थिती असा शब्द दिसला तर तो हा.

साप्ताहिकचा नियम एकदम सोपा आणि एकदम सैल आहे. सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी निदान एक तास काम केलं असेल तर तुम्ही त्या आठवड्यात कामावर. एक तास. लोकांना हे ऐकून राग येतो आणि राग मला समजतो, पण हे फक्त आपल्याच सरकारने काढलेलं नाही, जगभर असंच मोजतात. फक्त इतकं लक्षात ठेवायचं की साप्ताहिक आकड्यात 'कामावर' म्हणजे पोट भरतंय असा अर्थ नाही. त्यासाठी तास किती भरले आणि अजून काम मिळालं तर करायला तयार होता का, हे प्रश्न वेगळे विचारतात, त्याच्या टेबलांकडे बातमीवाले फार कमी जातात. अपुरा रोजगार शोधायचा तर तिथे शोधा.

एक तासही काम नाही पण एक दिवस तरी काम शोधत होता किंवा तयार होता, तर बेरोजगार. आता आपल्याकडे कोकणात बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. यांत्रिकी बोटीवरचा खलाशी, पंधरा जूनच्या आठवड्यात त्याला विचारलं, होडी वर ओढलेली, शेतावर मजुरीही नाही, काम मिळतंय का विचारत फिरतोय, तर तो साप्ताहिकमध्ये बेरोजगार. त्यालाच वर्षाबद्दल विचारलं तर दहा महिने बोटीवर, म्हणजे नेहमीच्या स्थितीत सरळ रोजगारात. एकच माणूस, एकच दिवस, दोन उत्तरं आणि दोन्ही बरोबर. आणि बोटीचा मालक त्याच आठवड्यात अंगणात बसून जाळी दुरुस्त करतोय तर ते त्याच्या धंद्याचं काम, तो रोजगारात. म्हणून जूनचा आकडा मेशी जोडून 'एका महिन्यात वाढ' असं लिहिण्यात फार अर्थ नाही, जूनशी जून जोडा.

आता नेहमीची स्थिती. ही जरा किचकट आहे, शांतपणे वाचा. यात दोन भाग, मुख्य आणि दुय्यम. मुख्य म्हणजे वर्षातला जास्त वेळ कशात गेला. पण ते एका झटक्यात ठरवत नाहीत, दोन पायऱ्यांनी ठरवतात. आधी बघतात की काम आणि शोध मिळून किती महिने आणि या दोन्हीच्या बाहेर किती. मग आत असेल तर काम जास्त की शोध जास्त.

उदाहरण घेऊ. देवगडातला एक पदवीधर पोरगा. मार्च ते मे तीन महिने आंब्याच्या पॅकिंगला. चार महिने नोकरी शोधली. पाच महिने परीक्षेचा अभ्यास. पहिली पायरी, काम आणि शोध मिळून सात महिने, बाहेर पाच, म्हणजे तो श्रमशक्तीत. दुसरी पायरी, शोध चार, काम तीन, म्हणजे मुख्य स्थितीने बेरोजगार. बरोबर वाटतंय ना? पण आता दुय्यम येते. मुख्य स्थिती काहीही असो, वर्षात ३० दिवस किंवा जास्त काही कामधंदा केला असेल तर तो दुय्यम स्थितीने कामगार. याने नव्वद दिवस पेट्या भरल्या. म्हणजे मुख्य अधिक दुय्यम मिळून जो आकडा काढतात, आणि वर्षाच्या बातमीत बहुतेक तोच येतो, त्यात हा पोरगा रोजगारात! ३.२ टक्के हा असा आकडा आहे. त्याच्या आईबापाला विचारा, ते म्हणतील आमचो झील बेकार आसा. त्यांचंही बरोबरच आहे, ते मुख्य स्थितीने बोलतायत.

कोकणात हंगामी काम एवढं आहे, आंबा, काजू, मासळी, सुट्टीतलं पर्यटन, भातलावणी, की ही ३० दिवसांची अट आपल्याकडची भरपूर माणसं रोजगारात आणून बसवते. ते मुद्दाम केलंय असं नाही, थोडंसं का होईना केलेलं काम वाया जाऊ नये, मोजलं जावं म्हणून ती अट आहे. पण अहवाल वाचताना खालच्या ओळीत 'मुख्य' आहे का 'मुख्य अधिक दुय्यम' आहे ते बघितल्याशिवाय वाद घालू नका.

काम कशाला म्हणतात

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

सर्वेवाला घरात प्रत्येकाच्या नावासमोर दोन आकड्यांचा एक कोड लिहितो. ११ म्हणजे स्वतःचा धंदा, पगारी माणूस न ठेवता. १२ म्हणजे स्वतःचा धंदा आणि तो मुख्यतः माणसं ठेवून चालवलेला. २१ म्हणजे घरच्या धंद्यात पगाराविना मदतनीस. ३१ पगारदार. ४१ आणि ४२ सार्वजनिक कामांवरची मजुरी, त्यातलं ४२ रोजगार हमीचं. ५१ इतर रोजंदारी. ८१ बेरोजगार. ९१ शिक्षण. ९२ फक्त घरकाम. ९३ घरकाम आणि सोबत घरासाठी लाकूडफाटा, भाजी, गुरांचा चारा गोळा करणं, शिवणकाम वगैरे. ९४ पेन्शन, भाडं किंवा कुणी पाठवलेल्या पैशावर राहणारे. ९५ अपंगत्वामुळे काम न करू शकणारे. ९० च्या पुढचं सगळं श्रमशक्तीच्या बाहेर.

आता २१ आणि ९२ या दोन आकड्यांमध्ये कोकणातल्या हजारो बायका अडकलेल्या आहेत.

विचारलं की वहिनी काय करतात, तर दादा म्हणतात, ती खय काय करता, घराकच आसता. लिहिला ९२. पण तीच बाई पहाटे बंदरावर जाऊन मासळी निवडते, उरलेली सुकवते आणि ती सुकी मासळी बाजारात जाते. मेच्या सुट्टीत होमस्टेला पंधरा माणसांचं जेवण तिच्या हातचं. आंब्याच्या दिवसांत आढी लावते, पेट्यांत गवत भरते, कुठला फळ पिकला कुठला नाही ते तिलाच कळतं. भातलावणीत आठवडाभर चिखलात. याला पगार नाही म्हणून हे काम नाही असं कुठल्याच व्याख्येत लिहिलेलं नाही. घरच्या धंद्याला हात लावणारी, पगार न घेणारी, ती २१. कामगार. आणि जर ती स्वतः लिलावात बोली लावून मासळी घेऊन स्वतः विकते, निर्णय तिचा, पैसा तिच्या हातात, तर ती मदतनीस पण नाही, ती ११, स्वतःच्या धंद्याची मालकीण. नवऱ्याची बोट आहे म्हणून ती २१ होत नाही.

वरच्या वाडीतच बघा, त्या चाळिसांतल्या दहा बायका ९२ वरून २१ वर आल्या तर श्रमशक्ती ७०, काम करणारे ६७, सहभाग दर साठावरून सत्तर. वाडीत नवीन काम एकही आलेलं नाही, फक्त जे होतं ते दिसायला लागलं. देशाचा आकडा बघा, ग्रामीण भागातल्या १५ वर्षांवरच्या बायकांचा सहभाग दर २०१७-१८ ला २४.६ टक्के होता तो २०२३-२४ ला ४७.६ झाला. जवळपास दुप्पट. हे कशामुळे, खरंच एवढ्या बायका कामाला लागल्या की आधीपासूनचं काम नीट विचारून लिहिलं गेलं, की घर चालेना म्हणून घरच्या धंद्यात उतरावं लागलं, यावर अर्थतज्ज्ञांमध्ये वाद आहे. मला वाटतं प्रत्येकाचा थोडा थोडा वाटा आहे. म्हणून हा आकडा बघून लगेच टाळ्याही वाजवू नका आणि लगेच फेकूनही देऊ नका, त्याच अहवालात पुढे जाऊन बघा की त्या बायका पगारदार म्हणून आल्या की २१ म्हणून. मोठा भाग स्वयंरोजगारात आहे आणि त्यात बिनपगारी मदतनीस भरपूर. स्वयंरोजगार हा शब्द ऐकायला उद्योजक असल्यासारखा वाटतो, पण त्याच पिशवीत बोटमालक पण आहे आणि त्याच्या घरची बिनपगारी सून पण आहे.

आता रेषा कुठे आहे ते पण नीट सांगते, कारण सगळंच काम मोजतात असं नाही. स्वतःच्या शेतात भात पिकवला आणि सगळा घरीच खाल्ला, एक दाणा विकला नाही, तरी ते काम धरतात. पण कोकम फोडून आमसुलं केली, पापड, वाळवणं केली ती फक्त घरासाठी, तर नाही धरत. तीच विकायला केली तर धरतात. स्वयंपाक, धुणीभांडी, पोरांचं, सासूचं आजारपण, पाणी भरणं, हे नाही धरत. लाकूडफाटा आणायला डोंगर चढून गेली तर कोड ९३, म्हणजे बाहेरच. मला हे पटत नाही, आणि न पटणारी मी एकटी नाही, पण पाहणीत उत्तर देताना नियम आहे तो आहे.

मात्र या न धरलेल्या कामाची मोजणी दुसरीकडे होते. वेळ वापर पाहणी म्हणून एक आहे, देशभर पहिल्यांदा २०१९ ला झाली आणि मग २०२४ ला. त्यात पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४ असा चोवीस तासांचा हिशोब अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारतात. २०१९ मध्ये निघालं की घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटं. म्हणजे पाच तास आणि दीड तास. कुणी म्हणालं बायका काहीच करत नाहीत, तर त्याला सहभाग दर दाखवू नका, हा आकडा दाखवा.

पगारदार, रोजंदार, आणि मधले

३१ आणि ५१ मधला फरक महिन्याचा पगार की दिवसाचा एवढाच नाही. काम नियमित आहे का रोज किंवा थोड्या दिवसांनी नव्याने ठरतं, यावर आहे. काजूच्या फॅक्टरीत सोललेल्या किलोवर पैसे मिळतात पण बाई वर्षानुवर्षं रोज जाते, नेमाने पैसे मिळतात, ती नगावर पैसे घेत असली तरी नियमित धरता येते. आंबा उतरवायला दोन आठवड्यांसाठी बोलावलेला गडी रोजंदारीचा. पण पगारदार म्हटलं की लोक सरकारी नोकरी डोळ्यापुढे आणतात, तसं काही नाही. पीएलएफएस पगारदारांना अजून तीन गोष्टी विचारतं, लेखी करार आहे का, भरपगारी रजा आहे का, पीएफ-पेन्शन-विमा असं काही आहे का. शेतीबाहेरच्या पगारदारांतले देशात निम्म्याहून जास्त बिनकराराचे आहेत. म्हणून 'पगारदारांचं प्रमाण वाढलं' अशी बातमी आली की ही तीन टेबलं बघायची.

अनौपचारिक क्षेत्र आणि अनौपचारिक रोजगार या दोघांना एक समजू नका. पहिला शब्द दुकानाबद्दल, कंपनीबद्दल आहे, मालक एकटा किंवा भागीदारी असलेले लहान धंदे. दुसरा माणसाच्या नोकरीबद्दल. मोठ्या नोंदणीकृत हॉटेलात बिना कराराचा, बिना पीएफचा वेटर असेल तर क्षेत्र औपचारिक, नोकरी अनौपचारिक.

उद्योग आणि व्यवसाय यांचंही तसंच. तारकर्लीच्या रिसॉर्टचा ड्रायव्हर, त्याचा उद्योग निवासव्यवस्था आणि व्यवसाय वाहनचालक. उद्योग म्हणजे मालक काय करतो, व्यवसाय म्हणजे तुम्ही काय करता. उद्योगाला एनआयसी २००८ या उद्योगांच्या सरकारी यादीतला कोड, व्यवसायाला एनसीओ २०१५ या व्यवसायांच्या यादीतला. 'पर्यटनात एवढे लोक' असा आकडा दिसला की तो कुठल्या कोडवरून काढलाय ते विचारा.

चाकरमानी कुठे मोजला जातो

मुंबईत. घर म्हणजे नेहमी एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं. थोड्या दिवसांसाठी बाहेर गेलेला चालतो, पण सहा महिने किंवा जास्त बाहेर असणारा त्या घरात धरत नाहीत. म्हणून मुलगा विरारला कामाला असेल, गणपती-शिमग्याला येत असेल, तो तिकडच्या घरात मोजला जाणार, राजापुरातल्या घरात नाही. इकडे त्याची आई, त्याने पाठवलेल्या पैशावर राहत असेल आणि दुसरं काही करत नसेल तर ९४. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११०० हून जास्त बायका होत्या, सिंधुदुर्गातही बायका जास्त, त्याचं एक मोठं कारण हेच. इकडचा सहभाग दर वाचताना हे डोक्यात ठेवायलाच लागतं, नाहीतर 'कोकणी माणूस काम करत नाही' असले फालतू निष्कर्ष निघतात.

बाकीचे आकडे, थोडक्यात

जनगणनेची मोजणी वेगळी. तिथे वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामगार, कमी केलं तर सीमांतिक कामगार. हा 'मुख्य' आणि वर सांगितलेला 'मुख्य स्थिती'मधला मुख्य एक नाही, पोरं इथेच मार्क घालवतात.

ईपीएफओचा, म्हणजे नोकरदारांचा पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचा, दर महिन्याचा आकडा म्हणजे पीएफ खात्यांत नवीन आलेले अधिक परत आलेले वजा गेलेले. तो नवीन नोकऱ्यांचा आकडा नाही. एखाद्या काजू फॅक्टरीत १९ माणसं होती, एक वाढला, २० झाले की कायदा लागू, मग वीसच्या वीस जण आकड्यात येऊ शकतात, नोकरी मात्र एकच नवीन.

रोजगार केंद्राची चालू नोंदणी म्हणजे बेरोजगारांची संख्या नव्हे. कामाला लागलेला पण नाव न काढलेला त्यात असतो आणि नाव न घातलेला खरा बेरोजगार त्यात नसतो. ई-श्रम हे ऑगस्ट २०२१ ला सुरू झालेलं असंघटित कामगारांचं नोंदणी पोर्टल, तिथला आकडा किती जणांनी नाव नोंदवलं ते सांगतो, आज किती जण कामावर आहेत ते नाही. आणि रोजगार हमीत मनुष्यदिवस असतात, हजार मनुष्यदिवस म्हणजे दहा जणांचे शंभर दिवस पण असू शकतात आणि शंभर जणांचे दहा पण.

तालुक्याचा बेरोजगारी दर म्हणून कुणी पीएलएफएसचं नाव सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नमुना पाहणी आहे, तालुक्यात इतकी घरं घेतच नाहीत की तेवढ्यावर दर काढावा.

सर्वेवाला दारात आला की

आधी ओळखपत्र बघा, न लाजता. त्याच्याकडे टॅब असतो, त्यात भरतो. ओटीपी, पिन, असलं काही मागितलं तर तो सर्वेवाला नाही, दार लावा. खरा असेल तर घाबरू नका. रेशन कार्ड बंद होईल, घरपट्टी वाढेल, इन्कम टॅक्सवाले येतील, ही भीती सोडा, सांख्यिकी संकलन कायदा २००८ आहे, तुमची उत्तरं आकडेवारीसाठीच वापरायची असतात, नावानिशी बाहेर जात नाहीत. भीतीने 'काहीच उत्पन्न नाही' सांगितलं की नुकसान आपल्याच भागाचं होतं.

दुसरं, शक्यतो ज्याच्याबद्दल प्रश्न आहे त्याला बोलू द्या. काकीबद्दल काकाने उत्तर देऊ नये, काकी चुलीपाशी असेल तर तिला बाहेर बोलवा. तिच्याबद्दल उत्तर देताना 'घरीच असते' हे दोन शब्द तोंडातून काढायच्या आधी विचार करा की मागच्या आठवड्यात तिने विकायच्या मालाला हात लावला का, बागेत, खळ्यात, दुकानाच्या गल्ल्यावर, होमस्टेच्या स्वयंपाकात, जाळ्याला, मासळीला. लावला असेल तर ते सांगा, किती तास तेही सांगा. सर्वेवाला घाईत असेल आणि न विचारता ९२ टाकतोय असं वाटलं तर तुम्ही थांबवा, सांगा की ही पण धंद्यात मदत करते. तो तुमचा हक्क आहे, आणि चांगला सर्वेवाला खूश होतो.

मागचे सात दिवस एकेक करून विचारतील, सोमवारी काय, मंगळवारी काय. आठवत नसेल तर बाजाराचा वार, लिलाव, पूजा, लग्न, असं काही धरून मागे जा. वर्षाचं विचारतील तेव्हा महिन्यांनी सांगा, शिमग्यापासून आंबा, मग बंदी, मग लावणी, मग गणपती, मग बोट. 'काय पडेल ते करतो' असं एका वाक्यात सांगितलं तर त्याला काहीतरी एक कोड टाकायला लागतो आणि तुमचे बाकीचे महिने जातात. कमाई विचारतील, पगारदाराला मागच्या महिन्याची, रोजंदाराला त्या सात दिवसांतली, धंदेवाल्याला मागच्या ३० दिवसांची. बंदीच्या महिन्यात धंद्याची कमाई शून्य असेल तर शून्य सांगा, सरासरी काढून सांगू नका, तो प्रश्न त्याच ३० दिवसांचा आहे. बेकार पोराबद्दल विचारलं की लाज वाटून 'शिकतोय' म्हणू नका. तो खरंच शिकत असेल तर शिकतोय, पण काम शोधत असेल, अर्ज भरत असेल, ओळखीत सांगून ठेवलं असेल, तर ते तसंच सांगा. आपण लपवलं की तो ९१ मध्ये जातो आणि मग आकड्यात दिसतच नाही.

जानेवारी २०२५ पासून निवडलेल्या घरात एकदा नाही, लागोपाठ चार महिने येतात. दुसऱ्या खेपेला लोक वैतागून म्हणतात, मागच्या वेळी सांगितलं तेच लिहा. तसं करू नका. बदल कळावा म्हणूनच ते परत आलेत. मेमध्ये बोट चालू होती, जूनमध्ये नाही, तर जूनला वेगळंच उत्तर यायला हवं. घरात एका कागदावर सगळ्यांची नावं आणि त्या आठवड्यात कुणी काय केलं एवढं टिपून ठेवलं तर काम लवकर होतं, आणि पुढच्या महिन्यात त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहायचं.